बावीस नंबरची पट्टी

४ फेब्रुवारी

माझ्या स्क्रीनवर रोज सकाळी बाण हलवणाऱ्या गृहस्थांस,

नमस्कार. मी बस वाहतुकीच्या ऑफिसात, वेळापत्रकाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसते. जानेवारीत नोकरीला लागले. तुमचा पत्ता ऑफिसच्या जुन्या फाइलीतून चोरला आहे, त्याबद्दल क्षमा वगैरे.

मुद्दा असा. रोज सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप चालू लागतो. माउसला मी हातही लावलेला नसतो. पहिल्या दिवशी वाटलं, माउसमध्ये कचरा गेला. तो पुसला, झटकला, टेबलावर आपटला. बाण जरा वेळ थांबला आणि पुन्हा कामाला लागला. दुसऱ्या दिवशी मी चक्क ‘कोण आहे?’ असं मोठ्याने विचारलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाई तेव्हापासून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

शेवटी वायरवाल्याला बोलावलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तो सांभाळतो आणि कायम कोणाच्या तरी टेबलाखाली असतो. त्याने टेबलाखालूनच सांगितलं, की भूतबीत काही नाही. कोणीतरी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून या कॉम्प्युटरला जोडलं गेलंय. त्या माणसाला माझी अख्खी स्क्रीन घरबसल्या दिसते आणि तो तिथे माउस हलवतो तसा इथला बाण हलतो. कोण म्हणून विचारलं, तर तुमचं नाव निघालं. तुम्ही तर मागच्या वर्षीच निवृत्त झालात ना? निरोपाच्या दिवशीचा फोटो इथे भिंतीवर आहे. हातात गुच्छ आहे, आणि चेहरा असा, की तो गुच्छ आता कोणाच्या तरी डोक्यात बसणार.

मी सहा महिन्यांच्या बोलीवर आहे. काम पटलं तर साहेब मला कायम करणार, नाही तर नमस्कार. ही नोकरी मला हवी आहे, काका, फार हवी आहे. तेव्हा माझ्या तक्त्यात ढवळाढवळ कशासाठी चालली आहे ते कळलं तर बरं. स्क्रीनवरच लिहून विचारलं असतं, पण साहेब मागून डोकावतात. आणि तुमचा फोन कोणी उचलत नाही.

तुमच्या खुर्चीवर बसणारी


९ फेब्रुवारी

खुर्चीवर बसणाऱ्या बाईस,

‘माझी स्क्रीन’, ‘माझा तक्ता’! येऊन चार दिवस झाले नाहीत आणि मालकी सांगतेस. त्या खुर्चीचा डावा हात माझ्या कोपराने झिजला आहे, नीट बघ.

ढवळाढवळ नव्हे, दुरुस्ती. तू नऊ नंबरच्या दोन गाड्या चौकात एकाच वेळी आणल्या होत्यास. त्या चौकात दोन बस समोरासमोर आल्या की ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांचं कुळ काढतात आणि मागे गावभर गाड्या तुंबतात. तक्त्यात प्रत्येक फेरीची एक रंगीत पट्टी असते, त्यातली एक मी जरा पुढे सरकवली. आभार मानायचे सोडून माउस आपटतेस. आपटू नकोस, इथे माझ्या स्क्रीनवर सगळं थरथरतं.

आता ही भानगड काय ते ऐक. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून माझा पाय मोडला. मी नसलो तर ऑफिसचं काय होईल हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्या घरी कॉम्प्युटर बसवला आणि तो ऑफिसातल्याशी जोडून दिला. नोकरीचं शेवटचं वर्ष मी पाय उशीवर ठेवून घरूनच काढलं. मग घरी येऊन गुच्छ दिला. जोडणी बंद करायचं मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सवयीने पासवर्ड टाकला, तर दार उघडंच! उघड्या दारातून आत गेलो, यात माझा काय दोष? तू येईपर्यंत सगळा तक्ता मीच चालवत होतो. साहेबांना वाटत होतं, कॉम्प्युटर आपोआप चालवतो.

आमच्या मंडळींना वाटतं, मी सकाळी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो. ऑफिस हा शब्द घरात काढायचा नाही, असं तिने मला बजावलं आहे, आणि फोन तिच्या पर्समध्ये असतो. यापुढे पत्र खालच्या शिंप्याच्या दुकानावर पाठव. माणूस विश्वासू आहे.

खुर्चीचा मूळ मालक


२० फेब्रुवारी

मूळ मालक,

परवा आपण दोघांनी एकाच वेळी एकच पट्टी ओढली, ते तुमच्याही लक्षात आलं असेल. तुम्ही उजवीकडे, मी डावीकडे. बाण मधे वेड्यासारखा नाचत होता. शेवटी सात नंबरची शेवटची फेरी पहाटे जाऊन पडली आणि नेमके तेव्हाच साहेब आले. ‘काय चाललंय?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘प्रयोग करतेय.’ साहेबांना हा शब्द आवडतो. मान डोलावून गेले.

म्हणून आता तोडगा. दहा ते बारा तक्ता तुमचा. मी माउसला हात लावणार नाही. दुपारनंतर माझा. कबूल?

आणि हो, नऊ नंबरचं तुमचं बरोबर होतं. चौकातली बोंबाबोंब थांबली म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी ते निर्लज्जपणे घेतलं. तुम्ही पट्टी सरकवता तेव्हा मी मागे उभी राहून बघते, तुम्ही आधी काय बघता, मग काय हलवता. या खोलीत मला शिकवायला दुसरं कोणी नाही. तुम्ही आहात, पण तुम्ही नुसताच बाण आहात.

चिडू नका.

खुर्चीवर बसणारी


२ मार्च

बाई,

कबूल. पण दहाचे बारा वाजेपर्यंत तू माउसला हात लावत नाहीस याचा अर्थ मला कळतो हो. मी मरमर काम करतो आणि तू चहाच्या मशीनपाशी गप्पा ठोकतेस. आमच्या वेळी नवीन माणसाला चहाचं मशीन कुठे आहे हेसुद्धा वर्षभराने कळायचं.

असो. हाताला वळण आहे तुझ्या. पाच नंबरच्या ड्रायव्हरांना जेवायला जागा काढलीस ती छान काढलीस. मला सुचली नसती. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही.

एक मात्र तक्रार आहे. बावीस नंबरची संध्याकाळची फेरी मी रोज बाटल्यांच्या कारखान्याच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो. संध्याकाळी पाळी सुटली की गेटवर शेकडो माणसं बसची वाट बघत असतात. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पट्टी परत मुख्य रस्त्यावर! रोज मी नेतो, रोज ती घसरते. कॉम्प्युटर म्हातारा झाला असणार. त्या वायरवाल्याला टेबलाखालून काढ आणि दाखव.

मूळ मालक


२४ मार्च

काका,

उशीर झाला, कारण इथे आग लागली आहे. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होणार. निम्म्या गाड्या वळवायच्या, म्हणजे सगळा तक्ता नव्याने मांडायचा. साहेबांनी तो माझ्यावर टाकला आणि वर म्हणाले, ‘सहा महिने कशाला थांबायचं? यावरूनच ठरवू तुमचं.’

सोमवारी बैठक आहे. माझी स्क्रीन मोठी करून भिंतीवर दाखवणार. साहेब, साहेबांचे साहेब आणि ड्रायव्हरांचा पुढारी समोर बसणार. मी काठी घेऊन भिंतीपाशी उभी राहणार.

म्हणून हात जोडून सांगते. तुम्ही रोज सकाळी येता, मला सवय झाली आहे, खरं सांगायचं तर आवडतं. पण सोमवारी येऊ नका. सगळे खोलीत असतील. काही हललं तर माझं पितळ उघडं पडेल आणि तुमचंही. तुमच्याशिवाय मला जमतं का, हे मलाही एकदा बघायचं आहे.

बावीस नंबरचं वायरवाल्याला सांगितलं आहे. बघतो म्हणाला.

तुमची खुर्चीवाली


२८ मार्च

‘तुमची खुर्चीवाली’ हिस,

मी तुझ्या काकांची बायको. कोट दुरुस्तीला दिला होता तो आणायला गेले, तर विश्वासू शिंप्याने कोटाबरोबर तुझं पत्रही घडी करून दिलं.

‘तुम्ही रोज सकाळी येता, मला आवडतं, पण सोमवारी येऊ नका, सगळे खोलीत असतील.’ हे मी जिन्यात उभ्याने वाचलं. पुढचं वाचायला खाली बसले. ज्या माणसाला स्वतःचा दुसरा मोजा सापडत नाही, तो हे उद्योग कधी करतो, असा प्रश्न मला पडला. वर येऊन कोट त्यांच्या अंगावर फेकला आणि ‘ही कोण?’ म्हणून विचारलं. ते म्हणाले, ‘वेळापत्रकाच्या खोलीतली.’ एवढं खरं उत्तर त्यांनी मला आजवर कधी दिलं नव्हतं, आणि मी एक अक्षर मानलं नाही.

मग मला कॉम्प्युटरसमोर बसवून सगळं दाखवलं. रंगीत पट्ट्या, बाण, सगळं. तासभर बोलत होते. बाई गं, निवृत्तीनंतर हा माणूस माझ्याशी एवढा एका दमात बोललेला नाही. मी चिडले होते ते चिडलेलीच आहे. वर्षभर मी शेजारणींना सांगत होते, की आमच्याकडे पत्त्यांचं वेड शिरलंय.

सोमवारची काळजी करू नकोस. त्यांनी नुसतं बघायचं कबूल केलं आहे. मी शेजारी बसणार आहे. हात हलला तर माझ्याशी गाठ आहे.

काकू


३ एप्रिल

काकू आणि काका,

दोघांनी मिळून वाचा.

सोमवारी सगळं छान चाललं होतं. पुलाच्या गाड्या वळवल्या त्या भिंतीवर दाखवल्या. साहेबांच्या साहेबांनी दोनदा ‘अच्छा’ म्हटलं. मी भिंतीपाशी, हातात काठी, खुर्ची रिकामी. आणि बावीस नंबरवर आले, तेवढ्यात बाण हलला.

सगळ्यांनी बघितलं. बाण सावकाश बावीसच्या पट्टीवर गेला, त्याने तिला धरलं आणि कारखान्याच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं. ड्रायव्हरांचा पुढारी हसत सुटला. म्हणाला, ‘त्या कारखान्याला टाळं लागून दीड वर्ष झालं! तिथे कोणाला उतरवायचं, कुत्र्यांना?’

हो काका. कारखाना बंद झाला आहे. पट्टी घसरत नव्हती. तुम्ही रोज सकाळी ती कारखान्यावर नेत होता आणि मी रोज दुपारी परत आणत होते. तुम्हाला सांगायचं मनात अनेकदा आलं. पण तुम्ही ती इतक्या प्रेमाने नेऊन ठेवायचा, की मला धीर झाला नाही. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा. एक पट्टीच तर आहे, आणू परत. आणि दहा ते बारा मी गप्पा ठोकत नव्हते. खुर्चीमागे उभी राहून तुमचा बाण बघत होते, कारण खुर्चीवर बसलं की हात माउसकडे जातो.

साहेबांनी विचारलं, ‘हे काय?’ मी म्हटलं, ‘माउस बिघडलाय.’ ते म्हणाले, ‘माउस बिघडला म्हणून तो बरोबर बंद कारखान्याकडे कसा जातो? तक्ता तुम्ही करता, की आणखी कोणी करतं?’ मी तुमचं नाव घेतलं नाही. मला कायम करण्याचा विषय त्यांनी तिथेच मिटवला. बोली संपली की निघायचं.

मला तुमचा फार राग आला आहे. येऊ नका एवढंच सांगितलं होतं.


८ एप्रिल

बाई,

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, मनातल्या मनात वाच. ती म्हणाली, ‘नाही, ऐका.’

सोमवारी मी हातांवर बसलो होतो. खरोखर, दोन्ही तळवे मांडीखाली. ही शेजारी होती. दारावर कोणीतरी आलं म्हणून उठली. त्याच वेळी स्क्रीनवर माझी नजर बावीसवर गेली, मुख्य रस्त्याने सरळ जाणारी. मला गेटवरची माणसं दिसायला लागली. डबे हातात, माना वळवून बस बघणारी. वाटलं, भर बैठकीत हिची एवढी मोठी चूक निघेल, वाचवलं पाहिजे. तुला वाचवायला गेलो मी! आता हसावं की भिंतीवर डोकं आपटावं?

पाय मोडल्यापासून मी बसमध्ये बसलेलो नाही. शिंप्याच्या पुढे गेलो नाही. घरात बसून सगळं गाव दिसतंय असं मला वाटत होतं. दिसत होत्या त्या नुसत्या पट्ट्या.

काल दुपारी हिला घेऊन बावीसने गेलो. मुख्य रस्त्यावर उतरून चालत गेटापर्यंत गेलो. टाळं आहे. गंजलेलं. त्यावर कोणीतरी चिकटवलेली जाहिरात आहे, तीही जुनी. पुढाऱ्याचं सगळं खरं आहे, फक्त कुत्रंही नव्हतं. मला लाज वाटली. त्याहून जास्त लाज याची वाटली, की तू मला म्हातारा समजून रोज सांभाळून घेत होतीस आणि मी तुला आळशी म्हणत होतो.

चूक माझी आणि नोकरी तुझी जाणार, हे चालायचं नाही. उद्या ऑफिसला येतोय. खराखुरा, दारातून. तू मधे पडू नकोस.

काका


१५ एप्रिल

काका,

तुम्ही साहेबांच्या खोलीत गेलात तेव्हा आम्ही सगळे काचेबाहेर होतो, वायरवालासुद्धा टेबलाखालून निघाला होता. ऐकू काही येत नव्हतं. साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. एकदा कपाळावर हात मारला. मग तुम्ही त्यांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी दाखवत राहिलात आणि बोट सारखं माझ्या दिशेने. तिथून निघालात ते माझ्याकडे न बघता थेट जिन्याकडे. काठी टेकत जिना उतरताना कोणाला हात धरू दिला नाहीत.

नंतर साहेबांनी बोलावलं. तुम्ही त्यांना सांगितलंत म्हणे, की पुलाच्या तक्त्यातली एकही पट्टी तुमची नाही. तुमची फक्त एक, चुकीची. आणि वर्षभर ऑफिसात चोरून काम केल्याबद्दल काय शिक्षा द्यायची ती द्या, पण पोरीला घालवलंत तर तक्ता करायला मी परत येईन. साहेब म्हणाले, ‘ही धमकी ऐकूनच मी घाबरलो.’ मला कायम केलं. पत्र हातात आहे.

तुमची जोडणी वायरवाल्याने काढून टाकली. साहेबांचा हुकूम होता, पण विनंती तुमची होती, हेही साहेबांनी सांगितलं. एक बटण दाबलं, झालं.

आज दहा वाजता मी खुर्चीवर बसून होते. बाण जागचा हलला नाही. मला रडू आलं. पलीकडच्या बाईंना वाटलं, नोकरी लागल्याचा आनंद. त्यांनी मला बिस्किट दिलं.

एक विचारते. या खोलीत कोणीही बसने येत नाही. मीसुद्धा सायकलने येते. स्टॉपवर कोण उभं आहे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. तुम्ही बघाल का?

खुर्चीवाली


६ मे

पोरी,

विचारलंस ते बरं केलंस. नाही तर ही मला खरोखरच पत्ते शिकवणार होती. आता रोज संध्याकाळी दोघं बसने हिंडतो. पायऱ्या चढताना ही मला ढकलते आणि कंडक्टर दुसरीकडे बघतो.

आधी वाईट बातमी. बावीस नंबरचं तूही चुकलीस. कारखाना बंद आहे, ते खरं. पण आम्ही पहिल्यांदा गेलो ते दुपारी. मागच्या आठवड्यात संध्याकाळी गेलो. त्याच्या मागच्या भिंतीला लागून पार्सलांचं मोठं गोदाम नुकतंच उघडलं आहे. दिवेलागणीला तिथून बायका सुटतात, हातांना चिकटपट्टीचे तुकडे चिकटलेले. त्या कोपऱ्यावर थांबत नाहीत, कारण तिथे बस येत नाही. मुख्य रस्त्यापर्यंत पायी जातात, ट्रक अगदी अंगाला घासून जातात. एकीला विचारलं, तर म्हणाली, ‘या रस्त्याला पूर्वी बस होती म्हणे.’ मी मान खाली घातली. तू तिथे असतीस तर तूही घातली असतीस.

हे तुला शिंप्याच्या फोनवरून कळवलं आणि तू म्हणालीस, ‘आजच पट्टी नेते.’ काल आम्ही मुद्दाम कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. बायका आमच्याकडे बघत पुढे निघून चालल्या होत्या. मी त्यांना थांबा म्हटलं. ‘बस येतेय,’ म्हटलं. एक म्हणाली, ‘आजोबा, कुठली बस?’ मला घाम फुटला. तू विसरली असशील, साहेबांनी हो म्हटलं नसेल, ड्रायव्हर जुन्याच रस्त्याने गेला असेल. इतका घाबरा मी गेल्या कित्येक वर्षांत झालो नव्हतो. माझ्या हातात काहीच नव्हतं.

मग वळणावर बावीस दिसली.

बायका पळत सुटल्या. हिला त्यांनी चढायला हात दिला, मला दिला नाही. बस दारापर्यंत भरली. बसायला जागा मिळाली नाही, घरापर्यंत उभ्याने आलो, आणि ही म्हणते, सगळ्या वाटेत मी एकटाच हसत होतो.

काका